चाकांवरचे घर

(प्रवास म्हटला की आपल्याला बस किंवा रेल्वे आठवते. परंतु आपले घरच बरोबर घेऊन निघता आले तर? आणि घराबरोबर घरातले कुत्रेही आले तर? या पाठात आपण अशाच एका प्रवासाला निघणार आहोत. नांदेडहून लातूरकडे आणि तेथून उदगीरपर्यंत हा प्रवास आहे. वाटेत जुनी गावे, किल्ले, तलाव आणि तुमच्या ओळखीचा एक जुना शब्द आपल्याला भेटेल.)

विद्यार्थी मित्रांनो, 'कारवाँ' हा शब्द तुम्ही उर्दूच्या पुस्तकात अनेकदा वाचला असेल. कारवाँ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या लोकांचा मोठा समूह. त्यात व्यापारी असत, यात्रेकरू असत, उंट, घोडे आणि बैल असत. हा शब्द फारसीतून उर्दूत आला. तोच शब्द युरोपातही जाऊन पोहोचला. इंग्रजीत त्याचे 'कॅरॅव्हॅन' झाले. पुढे लोकांनी त्याचा फक्त शेवट ठेवला आणि 'व्हॅन' हा शब्द तयार झाला. म्हणजे तुमच्या शाळेसमोर रोज उभी राहणारी व्हॅन ही त्या जुन्या कारवाँची नातच म्हणायची!

आज 'कॅरॅव्हॅन' हे नाव एका खास गाडीला देतात. या गाडीत झोपायला फळ्या असतात. छोटी शेगडी असते. पाण्याची टाकी असते, मोरी असते. काही गाड्यांत शौचालयही असते. ती गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. अशा गाड्यांतून लोकांनी फिरावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरवले.

समजा, तुमच्या चाचांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचे असे घर केले. हिवाळ्याची सुट्टी आहे. तुम्ही, तुमची बहीण, अम्मी, अब्बा आणि चाचा प्रवासाला निघाला आहात. बरोबर चाचांचे दोन कुत्रे आहेत. एकाचे नाव शेरू आणि दुसऱ्याचे मोती. दोघेही उंच, सडपातळ आणि लांब पायांचे आहेत. त्यांची जात कोणती, हे आताच विचारू नका. ते वाटेत कळेल.

निघण्याआधी चाचा तीन गोष्टी तपासतात. पहिली, टाकीत पाणी आहे का? दुसरी, कुत्र्यांना रेबीजची लस टोचली आहे का आणि तिचा कागद बरोबर घेतला आहे का? तिसरी, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा आणि हातात साखळी आहे का? तुम्ही म्हणाल, "एवढी काळजी कशाला?" चाचा म्हणतील, "बेटा, घर फिरते असले तरी घराची जबाबदारी फिरून जात नाही."

आपला प्रवास नांदेडपासून सुरू होतो. हे गोदावरीच्या काठचे प्राचीन शहर आहे. शिखांचे दहावे गुरू गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली येथे आले. त्यांच्या आयुष्याचे अखेरचे दिवस येथेच गेले. त्यांच्या स्मृतीचे सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. जगभरातून यात्रेकरू येथे येतात आणि लंगरमध्ये शेजारी शेजारी बसून जेवतात.

गुरुजी दक्षिणेत आले तेव्हा बादशहा बहादूरशहाची छावणीही दक्षिणेकडे निघाली होती. ते त्या छावणीबरोबर प्रवास करीत होते. मोगल बादशहाची छावणी म्हणजे चालते शहरच असे. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामात राहत असे, तेव्हा दुसरा संच पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहत असे. पुढे जाणाऱ्या या तंबूंना 'पेशखाना' म्हणत. पाहा, चाकांवरच्या घराची कल्पना आपल्याला नवी वाटते. पण फिरत्या घरांची सवय या मुलखाला फार जुनी आहे.

बादशहाचीच घरे फिरत होती असे नाही. बंजारा किंवा लमाण लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. या व्यापाराला 'लदेणी' म्हणत. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या देशात अनेकदा येऊन गेला. त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावे लागे! आज गाड्यांच्या रांगेत दहा मिनिटे थांबावे लागले की आपण चिडतो. त्या प्रवाशांचे काय झाले असेल, याचा विचार करा.

बायका, मुले, बैल आणि राखणीचे कुत्रे, हा सारा संसार तांड्याबरोबर चाले. रात्री मुक्काम पडला की माल मध्ये ठेवत आणि कुत्रे भोवती जागत. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि लदेणी बंद पडली. तांडे एका जागी स्थिर झाले. नांदेड जिल्ह्यात आजही बंजारा वस्तीला 'तांडा' म्हणतात. घरे थांबली, पण नाव चालतेच राहिले.

आता आपली गाडी लोह्याच्या वाटेला लागली आहे. तेथून आपण कंधारला जाऊ. कंधारचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. मग त्याचे रक्षण कसे होई? किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे. खंदकात पाणी असले की शत्रूला आत येणे कठीण होई. हे गाव राष्ट्रकूट राजांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. गावाजवळ 'जगत्तुंग समुद्र' नावाचा जुना तलाव आहे. मराठवाड्यात समुद्र नाही, पण पाण्याची किंमत ओळखणाऱ्या लोकांनी तलावालाच समुद्र म्हटले. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडेही येथे सापडले आहेत. कंधारमध्ये हाजी सय्याह यांचा दर्गाहही आहे. 'सय्याह' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. सय्याह म्हणजे प्रवासी.

किल्ला पाहायला जाताना शेरू आणि मोतीला आत न्यावे का? संरक्षित स्मारकात प्राणी नेण्यापूर्वी तेथील रखवालदाराला विचारावे. त्याने नाही म्हटले तर वाद घालू नये. अशा वेळी पाळी लावावी. निम्म्यांनी किल्ला पाहावा, निम्म्यांनी बाहेर झाडाच्या सावलीत कुत्र्यांजवळ बसावे. कुत्र्यांना बंद गाडीत मात्र कधीही ठेवू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. आपल्याला घाम येतो आणि शरीर थंड होते. कुत्र्याला तसा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि शरीर थंड करतो. हवाच तापली तर त्याचा उपाय चालत नाही आणि तो मरू शकतो.

कंधारहून आपण लोहा तालुक्यातल्या माळेगावला येतो. येथे खंडोबाचे देऊळ आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून येथे मोठी यात्रा भरते. हे दिवस साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत येतात. यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा बाजार भरतो. घोड्यांचे, कोंबड्यांचे आणि कुत्र्यांचे प्रदर्शनही असते. खंडोबाच्या गोष्टींत कुत्रा नेहमी त्याच्या सोबत असतो, म्हणून यात्रेत कुत्र्याला मान आहे.

या यात्रेला वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी अशा भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून येतात. त्यांचे बिऱ्हाड गाढवावर किंवा गाडीवर असते. कापडाची पाले उभी राहतात. पालाबाहेर चूल पेटते. चुलीजवळ पोरे खेळतात आणि पोरांजवळ कुत्रा बसलेला असतो. आपली गाडी त्यांच्या पालांशेजारी उभी करा आणि नीट पाहा. दोघांची घरे फिरती आहेत. पण फरक आहे. आपण हौसेने घर सोडून निघालो आहोत. त्यांच्यापैकी अनेकांना पिढ्यान्‌पिढ्या राहायला जागाच मिळाली नाही. आपण सुट्टी संपली की परत जाऊ. त्यांच्या मुलाची शाळा मात्र प्रत्येक मुक्कामाला मागे राहते. फिरत्या घराची मजा सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

माळेगावहून अहमदपूर आणि तेथून चाकूर. आपण आता लातूर जिल्ह्यात आलो आहोत. चाकूर तालुक्यात जानवळ नावाचे गाव आहे. गाडी गावात शिरताच शेरू आणि मोती कान टवकारतात. कारण येथे अनेक दारांत त्यांच्यासारखेच कुत्रे उभे आहेत. तेच लांब तोंड, तीच खोल छाती, तीच बारीक कंबर आणि तेच लांब पाय. जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठीच प्रसिद्ध आहे. या जातीचे नाव आहे 'कारवान'.

आता तुमच्या लक्षात आले ना? कारवान म्हणजे कारवाँ! मध्य आशिया आणि इराणकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या तांड्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनमध्ये आले, असे जाणकार मानतात. अरबस्तानातील 'सलुकी' जातीच्या कुत्र्याशी त्यांचे पुष्कळ साम्य आहे. ज्या कारवान कुत्र्याच्या कानांवर आणि शेपटीवर लांब मऊ केस असतात, त्याला 'पश्मी' म्हणतात. 'पश्म' म्हणजे लोकर. 'पश्मीना' शाल तुम्हांला ठाऊक आहेच. कर्नाटकातील मुधोळ भागात याच घराण्यातील कुत्र्याला 'मुधोळ हाउंड' म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली. त्यांपैकी एका तिकिटावर मुधोळ हाउंड आहे.

आपल्या भागातील जनावरांना गावांची नावे मिळाली आहेत. कंधारची लाल गाय ती 'लाल कंधारी'. देवणी गावावरून 'देवणी' गाय. पण या कुत्र्याला गावाचे नाव नाही, रस्त्याचे नाव आहे.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर जास्त विसंबतो. दूरचे हललेले त्याला चटकन दिसते आणि तो वाऱ्यासारखा धावतो. पूर्वी त्याला सशाच्या शिकारीसाठी पाळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. ती बंदी योग्यच आहे. आज शेतकरी शेताच्या आणि घराच्या राखणीसाठी हे कुत्रे पाळतात. परंतु शहरात लोक परदेशी जातींचे कुत्रे घेतात. दाट केसांचे, थंड प्रदेशातले कुत्रे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाल सोसतात. आपल्या मातीला, आपल्या उन्हाला सरावलेला कुत्रा मात्र दारात उभा असूनही आपल्याला दिसत नाही. जात शुद्ध राखायची तर चांगल्या पिल्लांची निवड करावी लागते, नोंद ठेवावी लागते. जानवळसारख्या गावांतील पाळणाऱ्यांनी हे काम आवडीने केले, म्हणून कारवान आजही आपल्याजवळ आहे.

येथे एक सूचना. अनोळखी कुत्र्याच्या अंगावर एकदम हात टाकू नका. आधी त्याच्या मालकाला विचारा. कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची असे काही लावू नका. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज जवळजवळ नाही. वेळेवर घेतलेली लस हाच उपाय आहे.

चाकूरहून आपण लातूरला पोहोचतो. मुक्कामाला गाडी उभी राहते आणि अम्मी म्हणतात, "टाकी रिकामी झाली." नळ शोधण्याआधी एक गोष्ट ऐका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. शहराला प्यायला पाणी उरले नाही. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणले गेले. तीनशेहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास होता. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीला लोक 'जलदूत' म्हणत. तो पाण्याचा कारवाँच होता. ज्या शहराने असे दिवस पाहिले, तेथे पाहुण्याने पाणी जपून वापरावे. गाडी धुण्यासाठी नळ सोडून ठेवू नये.

पण शेरू आणि मोतीच्या भांड्यात पाणी घालायला विसरू नका. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी आपल्या पायातल्या जोड्यात भरून पाजणाऱ्या माणसाची हदीसमधील गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या एका कामासाठी त्याचे गुन्हे माफ झाले. असहाब-ए-कहफच्या गुहेच्या दाराशी बसलेला कुत्राही तुम्हांला माहीत आहे. महाभारतात युधिष्ठिर राजाची अशीच गोष्ट आहे. सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर सोडून स्वर्गात जायला त्याने नकार दिला. गोष्टी निरनिराळ्या आहेत, पण वाटेत सोबत करणाऱ्या मुक्या जिवाला विसरू नये, हेच त्या सांगतात.

लातूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर औसा आहे. औशाचा बहमनी काळातील किल्लाही सपाट जमिनीवर आहे. दुहेरी तट, खंदक, बुरूज, दरवाजे आणि जुन्या तोफा पाहण्यासारख्या आहेत. १६३६ साली शहाजहानच्या सैन्याने औसा आणि उदगीर हे दोन्ही किल्ले घेतले. औसा तालुक्यातच खरोसा येथे डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत.

याच तालुक्यात किल्लारी हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास येथे मोठा भूकंप झाला. लोक झोपेत होते. दगडमातीच्या जड भिंती त्यांच्या अंगावर कोसळल्या. हजारो माणसे मेली. वाचलेल्यांनी कित्येक महिने पत्र्याच्या निवाऱ्यात काढले. पुढे नव्या जागी नवी गावे वसली. मित्रांनो, आपण मौजेसाठी घराला चाके लावली. किल्लारीच्या लोकांचे घर मात्र एका क्षणात गेले. म्हणून तेथून जाताना गाडीतले गाणे थोडा वेळ बंद करा.

औशाहून निलंगा आणि देवणीमार्गे आपण उदगीरला येतो. उदगीरचा किल्ला इतिहासात प्रसिद्ध आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी या भागात मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. मराठ्यांचे सेनापती होते सदाशिवरावभाऊ. त्यांच्या तोफखान्याचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी. मराठे जिंकले. त्यानंतर काही आठवड्यांतच मराठ्यांची फौज उत्तरेकडे निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तिचा मोठा पराभव झाला. सदाशिवरावभाऊ तेथे पडले. इब्राहिमखान पकडला गेला आणि त्याला ठार मारण्यात आले. फौजेबरोबर बायका, मुले, व्यापारी, यात्रेकरू असे हजारो लोक होते. तोही एक कारवाँच होता; पण त्यातले कितीतरी जण परत आले नाहीत.

किल्ल्याच्या तटावर उभे राहा. आता आजच्या प्रवासात ऐकलेले शब्द आठवा. किल्ला, खंदक, बुरूज, दरवाजा, तोफ, मुक्काम, कारवान. हे शब्द तुम्हांला कोणी शिकवावे लागले का? ते तुमच्या घरातलेच आहेत. मराठी माणूसही ते रोज बोलतो आणि ते आपलेच मानतो. तो 'किल्ला' म्हणताना अरबी आठवत नाही आणि 'दरवाजा' उघडताना फारसी आठवत नाही. शब्द कारवाँबरोबर आले आणि येथे राहिले. एप्रिल २०२२ मध्ये याच उदगीरमध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. ज्या गावाच्या बाजारात उर्दू, मराठी आणि कन्नड एकत्र ऐकू येतात, तेथे मराठीचा हा उत्सव झाला.

कुत्र्याचेही तसेच आहे. शेरू आणि मोतीचे पूर्वज दुरून आले. येथल्या शेतकऱ्याने त्यांना भाकरी दिली, पाणी दिले, दारात जागा दिली. त्यांनी त्याचे शेत राखले. आज त्यांना 'तुमचे गाव कोणते?' असे विचारले, तर उत्तर एकच आहे. जानवळ, तालुका चाकूर, जिल्हा लातूर.

आपला प्रवास संपत आला. चाचा गाडीचे दार उघडतात. शेरू आणि मोती उडी मारून आपल्या जागेवर जाऊन बसतात. तुम्ही टाकीतले पाणी पाहा, कचरा पिशवीत भरून घ्या आणि जेथे चूल मांडली होती ती जागा झाडून घ्या. चांगल्या कारवाँची खूण हीच असते. तो निघून गेला की मागे घाण राहत नाही. राहते ती त्याची आठवण आणि एखादा चांगला शब्द.

शब्दार्थ

समूह – गट, जमाव
मोरी – सांडपाणी वाहून जाण्याची जागा
छावणी – सैन्याचा तंबूंचा तळ
मुक्काम – प्रवासात थांबण्याची जागा
मुलूख – प्रदेश
जवाहिरी – हिरेमाणकांचा व्यापारी
तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह. बंजारा लोकांची वस्ती
बिऱ्हाड – संसाराचे सामान, घर
पाल – कापडाचा छोटा तंबू
कान टवकारणे – कान उभे करून लक्षपूर्वक ऐकणे
विसंबणे – भरवसा ठेवणे
सरावणे – सवय होणे
तट – किल्ल्याची भिंत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'व्हॅन' हा शब्द कोणत्या शब्दापासून तयार झाला?
(२) पुढच्या मुक्कामावर जाणाऱ्या तंबूंना काय म्हणत?
(३) कंधारजवळच्या जुन्या तलावाचे नाव काय?
(४) लांब मऊ केसांच्या कारवान कुत्र्याला काय म्हणतात?
(५) उदगीरची लढाई कोणत्या तारखेला झाली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कुत्र्याला बंद गाडीत का ठेवू नये?
(२) माळेगावच्या यात्रेत कोणकोणते प्राणी दिसतात?
(३) २०१६ साली लातूरला पाणी कसे आणले गेले?
(४) आपल्या फिरत्या घरात आणि भटक्या जमातींच्या घरात कोणता फरक आहे?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) बंजारा लोकांच्या बैलांवरील व्यापाराला ............ म्हणत.
(२) कुत्रा चावल्यास जखम ............ मिनिटे धुवावी.
(३) किल्लारीचा भूकंप ............ साली झाला.

प्र. ४. जोड्या लावा.
'अ' गट : (१) जानवळ (२) माळेगाव (३) खरोसा (४) नांदेड
'ब' गट : (अ) लेणी (आ) हुजूर साहिब (इ) कारवान कुत्रे (ई) खंडोबाची यात्रा

प्र. ५. पुढील शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य तयार करा.
दरवाजा, मुक्काम, किल्ला, जबाबदारी, किंमत

प्र. ६. वचन बदला.
तांडा, गाडी, कुत्रा, तलाव, भिंत

उपक्रम : (१) उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे वीस शब्द तुमच्या घरातून व बाजारातून गोळा करा. (२) तुमच्या गावाजवळच्या एखाद्या जुन्या वास्तूविषयी आजी-आजोबांना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहा.